बायकांच्या बाजूला

डॉक्टरांनी नाडी धरली ती चुकीच्या हाताची. हिंमतरावांचे दोन्ही हात गोधडीखाली होते आणि खाटेच्या कडेवर टेकलेला हात त्यांच्या बायकोचा, दगूबाईचा होता. डॉक्टरांची मान पलीकडच्या खाटेकडे होती. तिथल्या रोग्याबद्दल ते कंपाउंडरला काही सांगत होते, आणि सांगता सांगता रोजच्या सवयीनं त्यांनी हात पुढे केला, सापडलं ते मनगट धरलं, अंगठ्यानं बांगड्या मागे सारल्या. बांगड्यांनीही त्यांना काही सांगितलं नाही. मग त्यांचं बोलणं मध्येच तुटलं. "हिंमतराव, काल तर ठीक होतं की सगळं," असं म्हणत ते वळले, आणि त्यांना हिरव्या काचा दिसल्या, काळवंडलेलं मनगट दिसलं, आणि जमिनीवर भिंतीला पाठ लावून बसलेली बाई दिसली. चूक डॉक्टरांची होती, पण लाज दगूबाईला वाटली. आपलं काहीतरी उघडं पडलं, पदर सरकला असं वाटून तिनं हात ओढला. "सोडा ना साहेब. त्यासना हात तठे शे," ती म्हणाली. डॉक्टरांनी सोडला नाही. त्यांनी खिशातलं घड्याळ काढलं, आणि बराच वेळ ते घड्याळाकडे पाहत राहिले. तेवढा वेळ दगूबाईही खाली मान घालून आपल्याच मनगटाकडे पाहत राहिली, जणू ते आत्ताच कोणीतरी तिथे आणून ठेवलं होतं.

"बाई, तुम्हाला कधीपासून होतंय हे?" त्यांनी विचारलं.

काय होतंय ते तिला कळेना. दुखणं हिंमतरावांचं होतं. ते दुखणं साऱ्या कळसाडी गावानं पाहिलं होतं. माघाच्या थंडीत घशाचा ताप गल्लीत शिरला, घराघरात दोघं-तिघं आडवे झाले. त्यांच्या घरात आधी हिंमतराव पडले, मग ती पडली, मग दोघं उठले. उठल्यावर थोड्या दिवसांनी हिंमतराव अंगणात बैल सोडत होते आणि एकदम छाती धरून खाली बसले. "माय वं!" अशी हाक त्यांनी मारली. ती हाक अजून तिच्या कानांत होती. एवढा मोठा, मिशीवाला माणूस, त्याच्या तोंडून पोरासारखी हाक. माणसं धावली, कोणी कांदा फोडला, कोणी तळपाय चोळले, कोणी गाडी जुंपली. गाडीत गोधड्या घालून त्यांना निजवलं आणि नंदुरबारच्या दवाखान्याचा रस्ता धरला. प्रकाशा गावाजवळ तापीच्या वाळूत बैल रुतले तेव्हा बायकांना खाली उतरवलं. वाळूत पाय ओढताना दगूबाईच्या छातीत हवा मावेना. डोळ्यांपुढे पाणी चमकत होतं की काजवे, तेही कळेना. ती मट्‌कन खाली बसली. तिची सासू धनुबाई पुढून ओरडली, "चाल वं! माणूस मरी ऱ्हायना न् तू बठनी?" ती उठली. भीतीनं असं होतं, नवरा मरणाच्या दारात असला की बाईला असंच होत असणार, असं ती धरून चालली होती. तो दमही जणू त्यांच्याच दुखण्याचा होता, तिच्यात नुसता उतरला होता.

"छातीत दुखतं का?" डॉक्टर विचारत होते.

"नई."

"कळ येते? डाव्या हातात? पाठीत?"

"नई साहेब. कथंच दुखत नई." ती खोटं बोलत नव्हती. खरं दुखणं कसं असतं ते तिनं बघितलं होतं. त्याला हाक असते, घाम असतो, त्याच्याभोवती माणसं जमतात. तिच्याजवळ तसलं काहीच नव्हतं. दिवस कलला की पाय जड व्हायचे आणि जोडवी रुतायची. पाण्याचा तांब्या भरून व्हरांड्याच्या पायऱ्या चढताना मध्ये थांबावं लागायचं. कधी नुसतं बसल्या जागी काळीज पायातलं मांजर दचकावं तसं उडायचं आणि मग आपलं आपण शांत व्हायचं. याला काय म्हणायचं? तिनं विचार केला आणि जे सगळ्यात कमी लाजेचं वाटलं ते सांगितलं. "आडवं पडता येत नई. पडनी का गुदमरस. म्हनीसन मी बसीसन जपस."

ती बसून झोपते, हे ऐकून डॉक्टरांनी घड्याळ खिशात घातलं. तिचं ते बसणं सगळ्यांनाच ठाऊक होतं. पुरुषांच्या त्या दालनात सगळे तिच्याकडे बोट दाखवायचे: बाई असावी तर अशी, रातभर नवऱ्याच्या उशाशी बसून असते, पाठ टेकत नाही. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं आपल्या सुनेला तिचा दाखला दिला होता. दगूबाईनं ते ऐकलं होतं आणि ते तिला खोडता आलं नव्हतं. खरं तर ते ऐकायला बरंही वाटलं होतं.

तापी ओलांडून आली तरी तिची बाईची कामं सुटली नव्हती, पण त्या दिवशी डॉक्टरांनी तिलाही खाट दिली, दवाखान्याचं अंगण ओलांडून ती बायकांच्या बाजूला गेली आणि तिच्या हातातलं सगळंच सुटलं. तांब्या धनुबाईकडे गेला. पंखा धनुबाईकडे गेला. "हृदयाच्या मांसाला सूज आलीय, दोघांनाही, त्याच तापानं," डॉक्टरांनी धनुबाईला समजावलं, "औषध थोडंच आहे. खरं औषध एकच, पडून राहणं. उठायचं नाही, वाकायचं नाही, काही उचलायचं नाही." धनुबाईनं मान हलवली ती मुलाकडे बघून. सुनेबद्दल ती एवढंच म्हणाली, "हिले तं काही दुखत नई ना?" डॉक्टर थकल्यासारखे हसले. "आजी, पुरुष येतो तो छाती धरून येतो. लोक त्याला उचलून आणतात. बाई येते ती दुसऱ्या कोणाला तरी घेऊन येते. पुरुषांकडे या दुखण्याला मला खाटा पुरत नाहीत, आणि बायकांकडे ही आत्ता दुसरी. बायकांना होत नाही असं मीही समजत होतो."

ती पहिली म्हणजे गुलाबबाई. लोणखेड्याची, दगूबाईपेक्षा थोडी मोठी, रुंद चेहऱ्याची, बोलघेवडी. तिची खाट शेजारीच होती. दोन उशांना टेकून ती राणीसारखी बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या दवाखान्यातल्या आयेला नावानं हाक मारायची. "आते बठ," पहिल्याच दिवशी ती दगूबाईला म्हणाली, "आते कोनी सांगाव नई ऊठ म्हनीसन. माले तं आठे माहेरगत वाटस. लगीन व्हयनं तैनपासून एवढी कव्हय जपनी नव्हती मी." आणि ती हसली, आणि हसताना तिलाही दम लागला, आणि दम लागला म्हणून ती आणखी हसली. दगूबाईलाही हसू आलं. पण तिला ते माहेर वाटेना. पुरुषांच्या बाजूला प्रत्येक खाटेजवळ कोणी ना कोणी होतं, बायको, आई, बहीण. पाण्याचा, भाकरीचा, बोलण्याचा सारखा आवाज असायचा. इकडे खाटांजवळ कोणी नव्हतं. बसणाऱ्या होत्या त्याच इथे निजल्या होत्या, त्यांच्याजवळ बसायला कोण येणार. दुपारी ही बाजू इतकी शांत व्हायची की अंगणातल्या लिंबाच्या काड्या पडलेल्या ऐकू यायच्या. कण्हणंसुद्धा इथे कोणी मोठ्यानं कण्हत नव्हतं.

आडवं पडायला मिळालं आणि तिला कळलं की आडवं पडलं की माणसाला काय काय हवं वाटायला लागतं. आजवर तिला काय हवं होतं? चूल पेटायला हवी होती, गाईनं दूध द्यायला हवं होतं, निर्मीला, तिच्या पोरीला, वेणी घालून द्यायला हवी होती. आता हात रिकामे होते आणि त्या रिकाम्या हातांतून सगळं तिच्या अंगावर येत होतं. शेजारणीकडे ठेवलेल्या निर्मीच्या मानेचा घामट वास. कळसाडीच्या घरामागची कपाशी, बोंड उमलताना दिसतं ते पांढरं. आणि हिंमतराव. नवऱ्याची अशी ओढ लागावी याचं तिला नवल वाटलं, कारण तो कुठे दूर गेला नव्हता; एका अंगणाच्या पलीकडे होता. त्यांचा खोकला तिला ओळखू यायचा. दोरीवर वाळत घातलेलं धोतर ओळखू यायचं. सकाळी दूध कोण देत असेल, गार तर देत नसेल, उशी डाव्या बाजूला दिली की त्यांना लागते हे धनुबाईला ठाऊक असेल का. असं सगळं ती आधी त्यांच्यासाठी म्हणून मनात घोळवायची, आणि मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं की ती काही त्यांच्या दुधाची काळजी करत नव्हती. त्यांनी अंगण ओलांडून यावं असं तिला वाटत होतं. काही करू नये, काही म्हणू नये, फक्त यावं आणि बघावं, की ही इथे पडली आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी तिला कधी मारलं नव्हतं, कधी टाकून बोलले नव्हते. शेतातून येताना पेरू आणायचे तो निर्मीच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, मायले बी दे. एवढ्यावर ती सुखी होती. आता पडल्या पडल्या तो पेरू तिला पुरेना.

पण डॉक्टरांनी हिंमतरावांनाही उठू दिलं नव्हतं. आणि पुढे उठू दिलं तेव्हा ते व्हरांड्यापर्यंत यायचे आणि पलीकडूनच बघायचे. बायकांच्या बाजूला कसं जायचं. ते हात कपाळाशी नेऊन उन्हाआडून बघायचे, ती मान उचलायची, मधे लिंबाची सावली पसरलेली असायची, आणि दोघांपैकी कोणीच हाक मारायचं नाही.

फाल्गुनात दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, कापणीला आली. तिची कणसं पोटरीत फुगली तेव्हापासून गुलाबबाईचा दीर दोनदा येऊन गेला होता. तिसऱ्या खेपेला तो गाडी घेऊनच आला. गुलाबबाईचा दम तोवर बराच कमी झाला होता. पायांची सूज उतरली होती, ती आरशात बघून कुंकू लावायची. डॉक्टर नको म्हणाले. दीर म्हणाला, ती तर हसतेय, बोलतेय, तिला काय झालंय. गुलाबबाईनंही त्यालाच दुजोरा दिला. "माले काही दुखत नई साहेब," ती म्हणाली, "आन घरमा बाई नई. कापनीवाल्यासले भाकर कोन टाकी?" जाताना तिनं दगूबाईच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तू पडी ऱ्हाय वं. मन्ही खाट कोनले देऊ नको, मी आखाजीले परत यीसू, माहेरपनले." आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, लेकी माहेरी येतात, त्यावरची ही तिची थट्टा. गाडीत ती पाय खाली सोडून बसली, निजली नाही. फाटकाबाहेर जाईपर्यंत तिची बडबड ऐकू येत होती.

तिची बातमी त्याच दिरानं आणली. तो दुसऱ्याच कोणाला तरी घेऊन दवाखान्यात आला होता आणि जाता जाता बायकांच्या व्हरांड्याशी थांबला. गुलाबबाई विहिरीवर गेली होती. घागर अर्धी वर आली होती. दोर हातातून सुटला आणि ती पायरीवर टेकली, पाण्याला आलेल्या बायकांना वाटलं दम खातेय. त्या तिच्याशी बोलतही राहिल्या. "काही दुखनं बी नई वं तिले," दीर सांगत होता, पुन्हा पुन्हा तेच, जणू त्यात त्याला समाधान होतं, "बठनी ती बठनी. हाक बी मारी नई." दगूबाई ऐकत होती. शेजारच्या खाटेवर धडगावकडच्या डोंगरातली एक पावरा आदिवासी बाई आली होती, तिची भाषा कोणाला समजत नव्हती. तीही दिराच्या तोंडाकडे बघत होती. दगूबाईला रडू आलं नाही. तिच्या मनात एकच गोष्ट फिरत राहिली: त्या बायका तिच्याशी बोलत राहिल्या. काय बोलल्या असतील? उन्हाबद्दल, कापणीबद्दल. आणि गुलाबबाईनं ऐकलं असेल का थोडं?

चैत्र सरला. हिंमतरावांना घरी जायला परवानगी मिळाली. घरीही पडूनच राहायचं, नांगराला हात लावायचा नाही, असं बजावून. ते घरात ऐकलं जाईल याची दगूबाईला खात्री होती. माजघरात त्यांची खाट पडेल, दारावर ओलं पोतं लावलं जाईल, शेजारणी पन्हं घेऊन येतील. तिला मात्र डॉक्टरांनी थांबायला सांगितलं. तिच्या हृदयाचा ठोका अजून अडखळत होता. "मी त्यांना सांगेन," ते म्हणाले, "पण माझं ऐकतील असं नाही. तुमच्या शेजारणीच्या वेळी मी सांगितलंच होतं. या वेळी तुम्हालाच बोलावं लागेल."

गाडी आली त्या सकाळी धनुबाई बायकांच्या बाजूला आली. तिनं दगूबाईचं लुगडं घडी करून बोचक्यात घातलं, तांब्या घातला. ती कठोर बाई नव्हती. इतके दिवस मुलाच्या उशाशी बसून तिचाही चेहरा ओघळला होता. "चाल दगू. आखाजी ऊनी," ती म्हणाली. "गाडीवाला सांगस, पोर्गी रोज दारमा उभी ऱ्हास. लिंबले झोका बांधी ठेवेल शे, म्हनस माय उनी का मंग बठसू."

निर्मी दारात उभी होती. ती तिथे उभी राहिलेली दगूबाईला इतकी स्पष्ट दिसली की तिचा एक पाय खाटेखाली उतरलाही. जमीन गार लागली. जावं. जाऊन पोरीला एकदा अंगाशी घ्यावं, झोक्यावर बसवावं, एक झोका द्यावा. मग काय व्हायचं ते होऊ दे. पण एक झोका दिल्यावर दुसरा द्यावाच लागतो. मग पाणी आणावं लागतं, पाहुणे येतात, पुरणाचा पाटा मांडावा लागतो. आणि कोणी वाईट नसतं. कोणीच तिला मारायला टपलेलं नसतं. सगळे तिच्याशी बोलतच राहतील.

"आत्याबाई, मी येवाव नई," ती म्हणाली.

धनुबाईला ते ऐकूच गेलं नाही. तिनं बोचक्याची गाठ मारली. दगूबाईला पुन्हा म्हणावं लागलं, आणि दुसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाज तिच्याच कानाला परका लागला.

"काय म्हनी ऱ्हायनी तू? कथं दुखस तुले?"

"कथंच दुखत नई."

"मंग?"

"दुखत नई म्हनीसनच येवाव नई. गुलाबबाईले बी दुखत नव्हतं."

धनुबाई उभी राहिली. तिनं बोचक्याची मारलेली गाठ पुन्हा ओढून घट्ट केली. ती रागावली होती की घाबरली होती हे दगूबाईला कळलं नाही. मागे व्हरांड्याबाहेर काठी वाजली. हिंमतराव अंगण ओलांडून आले होते. पायरीखाली, बायकांची बाजू जिथे सुरू होते तिथे, उन्हात उभे होते. ते केवढे बारीक झाले होते. अंगरखा खांद्यांवरून खाली आला होता. त्यांनी सगळं ऐकलं असावं. "माय," ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे तिले." एवढंच. मग त्यांनी दगूबाईकडे बघितलं आणि काही बोलायला म्हणून तोंड उघडलं, पण मधे धनुबाई होती, कंपाउंडर होता, सगळ्या खाटांवरून बायका बघत होत्या. ते वळले. त्यांना गाडीत निजवलं. निजलेल्या माणसाला मागे वळून बघता येत नाही हे तिला ठाऊक होतं. तरी गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत तिनं मान ताठ धरून ठेवली होती.

आखाजीला दवाखान्यामागच्या वस्तीत दिवसभर झोक्याची गाणी चालली. पोरी गात होत्या, मधेच हसत होत्या, दोर कुरकुरत होता. दगूबाई पावरा बाईच्या बाजूला तोंड करून पडली होती. तीही ऐकत होती. केव्हातरी त्या बाईनं हात लांब करून दगूबाईच्या खाटेच्या दांडीवर ठेवला, आणि दोघी तशाच पडून राहिल्या. आपण जगण्यासाठी थांबलो, असं दगूबाई मनाशी म्हणून बघायची. पण जगणं सगळं पलीकडे होतं, त्या गाण्यात, कळसाडीच्या लिंबाखाली, आणि इथे नुसता तिचा श्वास होता, तो सांभाळत बसायचं. कितीदा तिला वाटलं की चूक केली. कितीदा वाटलं, हिंमतरावांनी 'ऱ्हाऊ दे' म्हटलं ते मायेनं की तिच्याविना चालतं म्हणून. अंगणापलीकडच्या त्यांच्या खाटेवर आता दुसराच कोणी होता. त्याचा खोकला वेगळा होता, आणि तो ऐकून ऐकून तिला त्या अनोळखी माणसाचा राग यायला लागला.

ज्येष्ठात ऊन असं झालं की आयांनी बायकांच्या खाटा व्हरांड्यात काढल्या. सूज उतरली होती. ती आता एका उशीवर निजू शकत होती, आणि डॉक्टर तिची छाती ऐकून पहिल्यांदाच "छान" म्हणाले होते. "आणखी थोडं," ते म्हणाले, "मग घरी. पण घरीही जपून." त्याच दुपारी हिंमतराव आले. त्यांचे शेजारी बन्सीलाल नंदुरबारच्या बाजाराला निघाले होते, त्यांच्या गाडीत बसून ते छाती दाखवायला आले होते. दाखवून झालं. मग ते अंगण ओलांडून व्हरांड्याच्या पायऱ्या चढले, एक एक करून, आणि आयेनं पुढे केलेल्या स्टुलावर तिच्या खाटेजवळ बसले. दगूबाई धडपडत उठायला लागली, पदर शोधायला लागली. नवरा बसलेला आणि आपण निजलेलो, असं कधी झालं नव्हतं.

"पडी ऱ्हाय," ते म्हणाले.

ती पडून राहिली. मग त्यांनी सांगितलं की निर्मीचा पुढचा दात पडला. सांगितलं की माय भाकरी जाड करते, निर्मी म्हणते हे तर बैलाचं खाणं. दगूबाई हसली. "आन तुम्ही?" तिनं विचारलं. "तुम्ले कसं वाटस?"

"मन्हं काय. बरं शे." ते उपरण्याच्या टोकाशी चाळा करत होते. "करमत नई घरमा." हे त्यांनी खाली बघून म्हटलं, आणि लगेच, ते झाकावं तसं, पुढे म्हणाले, "मन्ही छाती दुखनी तं माले सांगता ऊनं, आठे दुखस म्हनीसन. तुन्हं दुखत नई म्हनस. मंग तुले काय व्हस नेमकं? मी भू इचार करा, माले समजनं नई."

इतक्या दिवसांत डॉक्टरांनी पुष्कळ विचारलं होतं, पण तिला सांगायला कधी इतकं अवघड गेलं नव्हतं. तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. तापीच्या वाळूत काय झालं ते. गळ्यापर्यंत पाण्यात उतरावं आणि पाय टेकू नयेत तसं वाटतं. काळीज मधेच एक पायरी चुकतं आणि मग धावत येऊन गाठतं. ती थांबत थांबत सांगत होती. हिंमतराव ऐकत होते, भुवया जवळ आणून, एखाद्या परगावच्या रस्त्याची खूण नीट समजून घ्यावी तसे. मधे त्यांनी एकदाच आत्ताचं विचारलं, "आन आते?" ती म्हणाली, "आते पाय टेकतस."

उन्हाची झळ व्हरांड्यात येत होती. हिंमतरावांनी उपरणं खांद्यावरून काढलं, घडी केली, आणि इकडेतिकडे न बघता तिला वारा घालायला लागले. पलीकडच्या खाटांवरच्या बायका टक लावून बघायला लागल्या. एकीनं तोंडाला पदर लावला. हिंमतरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण हात थांबला नाही. दगूबाईला वाटलं, आता हे थांबतील. आता त्यांना लाज वाटेल, किंवा हात भरून येईल. आता ते उठतील. म्हणून तिनं डोळे मिटून घेतले. श्वास संथ केला, झोपलेल्या माणसाचा असतो तसा, आत घेऊन थोडा थांबवलेला. वारा येत राहिला.

फाटकाशी बैलांच्या गळ्यातली घुंगरं वाजली आणि बन्सीलालची हाक आली, "हिंमतराव! चाला, दिवस कलना!"

वारा जरा थांबला. मिटल्या डोळ्यांआड ती तो थांबलेला वारा ऐकत होती.

"थांब जरासा, बन्सीलाल," हिंमतराव हलक्या आवाजात म्हणाले. "जपेल शे ती." आणि त्यांनी उपरणं दुसऱ्या हातात घेतलं.